अंगठी, पेन आणि ध्वनिक्षेपक

प्रति,
लष्करी अधिकाऱ्यांच्या व जवानांच्या स्मृतिदिनाचे कार्यक्रम करणाऱ्या शाळा, महाविद्यालये, ग्रामपंचायती आणि मंडळे यांचे पदाधिकारी,
पुणे व सातारा जिल्हे.

विषय : स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात दिवंगत अधिकाऱ्याच्या मुलांना व्यासपीठावर बोलावण्याबाबत.

स.न.वि.वि.

मी इतिहास शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 26 जुलैचा कारगिल विजय दिन आणि आमच्या भागातील एका दिवंगत अधिकाऱ्याचा स्मृतिदिन अशा सगळ्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन शाळेत बहुतेक वेळा माझ्याकडेच येत असे. हार किती लागतील, पाहुण्यांना नारळ द्यायचा की रोपटे, ध्वनिक्षेपक ऐन वेळी खरखरला तर काय करायचे, हे सगळे मला तोंडपाठ होते. तेव्हा पुढे मी जे सांगणार आहे, त्यातली पहिली दोषी मीच आहे, हे आधीच कबूल करते.

त्या अधिकाऱ्याची मुलगी आमच्याच शाळेत सहावीत शिकत होती. पहिल्या स्मृतिदिनाला तिची आई पहिल्या रांगेत बसली होती, व्यासपीठावर चार पाहुणे होते आणि कार्यक्रम थोडा रेंगाळत चालला आहे असे वाटून मी, तिला किंवा तिच्या आईला एका शब्दाने न विचारता, ध्वनिक्षेपकावरून तिचे नाव पुकारले आणि बाबांबद्दल दोन शब्द बोलायला सांगितले. ती आली. बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "बाबा सुट्टीवर आले की आधी माझ्या सायकलच्या चेनला तेल घालायचे. आता ती आवाज करते." एवढे बोलून ती थांबली. क्षणभर कोणालाच काही सुचले नाही, आणि मग कोणीतरी टाळी वाजवली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका पाहुण्यांनी तिला जवळ घेऊन विचारले, "बाळा, तूही सैन्यातच जाणार ना?" ती म्हणाली, "माहीत नाही." त्यावर पाहुणे ध्वनिक्षेपकाकडे वळून म्हणाले की वाघाच्या पोटी वाघच जन्माला येतो, आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

पुढच्या वर्षी त्या दिवशी मुलगी शाळेत आली नाही. तिला बरे नसल्याची आईची चिठ्ठी आली. त्याच्या पुढच्या वर्षीही तशीच चिठ्ठी आली, त्याच अक्षरात, जवळजवळ त्याच शब्दांत. मला उमगायला तिसरी चिठ्ठी यावी लागली, याची लाज मला आजही वाटते. वडिलांच्या स्मृतिदिनाला त्यांची मुलगी सोडून बाकी सगळे हजर राहतील, अशी व्यवस्था आम्ही अत्यंत आदरपूर्वक केली होती.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी या विषयाचे वाचन नव्याने सुरू केले, आणि वर्गात अनेकदा शिकवलेल्या एका नावापाशी येऊन थांबले. लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोरजी तारापोर. जन्म मुंबईचा, 18 ऑगस्ट 1923 चा, आणि शालेय शिक्षण आपल्या पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत. पुढे ते हैदराबाद संस्थानाच्या फौजेत दाखल झाले. तिथे हातबॉम्ब फेकण्याच्या सरावाच्या वेळी एका नव्या जवानाचा हातबॉम्ब नीट फेकला न जाता जवळच पडला, तेव्हा तारापोर यांनी झेप घेऊन तो उचलला आणि दूर भिरकावला, आणि त्याच्या तुकड्यांनी त्यांच्या छातीला जखमा झाल्या, हा प्रसंग मी मुलांना नेहमी सांगत असे, कारण तो सांगितला की वर्ग एकदम शांत होतो. संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्स या घोडदळाच्या जुन्या आणि आता रणगाड्यांच्या झालेल्या रेजिमेंटमध्ये आले, आणि 1965 च्या युद्धात ते तिचे कमांडिंग ऑफिसर होते.

त्या सप्टेंबरमधले सहा दिवस त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात नोंदले आहेत. 11 सप्टेंबरला सियालकोट आघाडीवर फिलोरा घेण्याची मुख्य कामगिरी पूना हॉर्सकडे होती. वझीरवालीकडून शत्रूच्या रणगाड्यांनी अचानक प्रतिहल्ला चढवला, तारापोर जागचे हलले नाहीत, जखमी झाले तरी त्यांनी मागे जायला नकार दिला. 14 तारखेला वझीरवाली घेतले. 16 तारखेला, तीच जखम अंगावर घेऊन, त्यांनी जस्सोरान आणि बुतूर-डोगरांदी घेतले. त्यांच्या स्वतःच्या रणगाड्यावर अनेकदा मारा झाला होता. रेजिमेंटने सुमारे 60 शत्रूचे रणगाडे नष्ट केले आणि स्वतःचे 9 गमावले. त्याच दिवशी, 16 सप्टेंबर 1965 रोजी, ते धारातीर्थी पडले. वय होते 42.

इथपर्यंतचे सगळे आपल्या कार्यक्रमांत येते, आणि आलेच पाहिजे. पण या युद्धात त्यांनी आपल्या एका सहकारी अधिकाऱ्याला जे सांगून ठेवले होते, ते मी इतकी वर्षे वर्गात एकदाही सांगितले नव्हते. मी पडलो तर माझा अंत्यविधी रणभूमीवरच अग्नी देऊन करावा, असे त्यांनी सांगितले होते. पारशी माणसाने हे सांगावे यातच केवढा विचार आहे, ते मृतदेहाला अग्नी न देता दखम्यात उघड्यावर ठेवण्याची पारशी प्रथा ठाऊक असलेल्या पुणेकरांना वेगळे सांगायला नको. आणि त्यापुढे त्यांनी वाटणी सांगितली होती : प्रार्थनेचे पुस्तक आईला, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, आणि हातातले कडे व फाउंटन पेन मुलाला.

ही यादी मी किती वेळा वाचली असेल. रणगाड्यांच्या लढाईच्या तोंडावर उभा असलेला, शेकडो माणसांची जबाबदारी अंगावर असलेला अधिकारी आपल्या अंगावरच्या आणि खिशातल्या चारपाच वस्तूंचा हिशेब करतो आहे आणि कोणती वस्तू कोणाच्या हातात पडली पाहिजे हे ठरवतो आहे. त्यात पदकांचा उल्लेख नाही, तलवारीचा नाही, गणवेशाचाही नाही. मुलाला पेन. मुलीला अंगठी, जी वडिलांच्या बोटाची असल्यामुळे तिच्या बोटात सैल होणार हे त्यांना नक्कीच कळत असणार. 23 जानेवारी 2023 रोजी अंदमान-निकोबारमधील 21 बेटांना परमवीरचक्र मिळवणाऱ्यांची नावे देण्यात आली, त्यांतल्या एका बेटाला तारापोर यांचे नाव आहे. ही देशाने दिलेली आठवण मोठीच आहे. परंतु देशाने कोणती आठवण ठेवावी आणि लेकरांनी कोणती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या माणसाला 1965 मध्येच ठाऊक होते, आणि आपले कार्यक्रम मात्र बेट मुलाच्या हातात देऊ पाहतात.

आपल्यापैकी काही जण लगेच म्हणतील, आणि म्हणावेच, की त्याच निरोपात तारापोर यांनी मुलाने सैन्यात जावे अशी इच्छाही सांगितली होती असे सांगतात, मग आमच्या पाहुण्यांनी तेच विचारले तर बिघडले कुठे? या आक्षेपावर मी पुष्कळ विचार केला आहे. वडिलांना मुलाबद्दल इच्छा बाळगण्याचा अधिकार असतो. तो निरोप एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे, एकांतात, विश्वासाने दिलेला असतो, आणि तो पाळायचा की नाही हे पुढे मुलगा आपल्या वयाने ठरवतो. शे-दोनशे माणसांसमोर, गळ्यात हार घातलेल्या वडिलांच्या फोटोशेजारी उभे करून सहावीतल्या मुलीला तोच प्रश्न विचारला, तर तिला "नाही" म्हणण्याची जागाच उरत नाही. आमच्या मुलीने "माहीत नाही" असे प्रामाणिक उत्तर दिले, तर तेही आम्ही तिला ठेवू दिले नाही.

आता साताऱ्याकडे येते, कारण हे पत्र साताऱ्यालाही आहे. कर्नल संतोष महाडिक हे पोगरवाडीचे, सातारा सैनिक शाळेचे विद्यार्थी. 23 जून 1961 रोजी सुरू झालेली ही शाळा देशातली पहिली सैनिक शाळा, ही गोष्ट सातारकर अभिमानाने सांगतात आणि ती खरीच आहे. 21 पॅरा स्पेशल फोर्सेसमधून पुढे आलेले महाडिक 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाडा जिल्ह्यातील जंगलात दहशतवाद्यांविरुद्धच्या मोहिमेत ते कामी आले. सेना पदक त्यांना आधीच मिळालेले होते, आणि मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झाले. त्यांना दोन मुले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी त्यानंतर सैन्यात जायचे ठरवले, वयाची अट त्यांच्यासाठी शिथिल करण्यात आली, आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतील साधारण अकरा महिन्यांचे खडतर प्रशिक्षण पूर्ण करून सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे 7 ऑगस्ट 2018 रोजी गुरेझमध्ये घुसखोरी रोखताना पडले. त्यांच्या पत्नी कनिका राणे याही पुढे लष्करी अधिकारी झाल्या.

या दोघींविषयी मला नितांत आदर आहे, आणि त्यांच्या निर्णयावर मत देण्याचा मला काहीही अधिकार नाही. तो जाणत्या, प्रौढ स्त्रियांचा स्वतःचा निर्णय आहे. पण या गोष्टी व्यासपीठावरून सांगताना आपण त्यांतून एक नमुना तयार करतो, आणि मग शेजारच्या गावातल्या एखाद्या वीरपत्नीला, जिला शिक्षिकाच राहायचे आहे किंवा माहेरी जाऊन शांतपणे मुले वाढवायची आहेत, कोणी ना कोणी विचारतेच की तुम्ही नाही का गेलात. ज्या महिन्यांत आई प्रशिक्षणाला होती, त्या महिन्यांत घरात वडीलही नव्हते आणि आईही नव्हती, ही साधी बेरीजही आपल्या भाषणांत कधी होत नाही. धैर्याची गोष्ट सांगताना तिची किंमत कोणी मोजली हे सांगितले नाही, तर ऐकणाऱ्याला ते स्वस्त वाटू लागते.

राणे यांच्या मुलाचा विचार माझ्या मनात वेगळ्या कारणाने येतो. तो तेव्हा अगदीच लहान होता. इतक्या लहानपणी वडील गेलेल्या कोणत्याही मुलाच्या वाट्याला स्वतःची आठवण फारशी येत नाही. त्याला वडील मिळतात ते दुसऱ्यांच्या सांगण्यातून. म्हणजे आपण, तुम्ही आणि मी, वर्षातून एकदा जे बोलतो, फलकावर जे लिहितो, ते त्याच्यासाठी वडिलांचाच एक भाग होऊन बसते. हे ध्यानात घेतले की आपल्या कार्यक्रमांतल्या चुका किरकोळ राहत नाहीत. फ्लेक्सवर हुद्दा चुकतो, नाव अर्धे असते, मोहिमेचे ठिकाण भलतेच असते, आणि प्रायोजकाचा फोटो अधिकाऱ्याच्या फोटोहून मोठा असतो. शौर्यचक्राला वीरचक्र म्हटल्याचे मी स्वतः तीन वेगवेगळ्या व्यासपीठांवरून ऐकले आहे. परमवीर, महावीर आणि वीर ही चक्रे शत्रूसमोरच्या लढाईतील शौर्यासाठी असतात, तर अशोक, कीर्ती आणि शौर्य ही त्याखेरीज इतर प्रसंगी दाखवलेल्या शौर्यासाठी. एवढे पाठ करायला पाच मिनिटे लागतात. 'शहीद' या शब्दाविषयीही संरक्षण खात्याने संसदेत एकाहून अधिक वेळा स्पष्ट केले आहे की सैन्यदलांत असा अधिकृत शब्द वापरला जात नाही. लोकांनी प्रेमाने वापरलेल्या शब्दाला माझी हरकत नाही, पण सूत्रसंचालकाला हे माहीत असावे.

शब्दांचेच निघाले आहे म्हणून सांगते. आपण वीरमाता म्हणतो, वीरपिता म्हणतो, वीरपत्नी म्हणतो, त्यांना शाल-श्रीफळ देतो. मुलांसाठी सरकारी कागदात 'पाल्य' असा कोरडा शब्द आहे, जो शाळेच्या पालकसभेच्या नोटिशीतही असतो. पूर्वी मला तो खटकत असे. आता मला वाटते की बरेच झाले, त्या मुलांना कोणी बिरुद चिकटवलेले नाही. त्यांना मूल म्हणून राहायला, रडायला, परीक्षेत नापास व्हायला, गणपतीत उशिरापर्यंत नाचायला आणि बाबांचा राग यायलासुद्धा थोडी मोकळीक राहिली. होय, राग. सुट्टीत येतो म्हणून सांगून न आलेल्या बाबांचा राग मुलांना येतो, आणि "वीराची लेक रडत नसते" हे आपले वाक्य त्या रागाला आणि त्या रडण्याला एकदमच बूच लावते. हे वाक्य मी अंत्ययात्रांत ऐकले आहे, आणि सांगायला संकोच वाटतो, एकदा म्हटलेही आहे.

काही कुटुंबांना व्यासपीठावर बोलावलेले आवडते, काही मुलांना वडिलांबद्दल बोलायचे असते, हे मला ठाऊक आहे. त्यांना जरूर बोलू द्यावे. माझी विनंती इतकीच की आधी विचारावे, घरी जाऊन, पंधरा दिवस आधी, आईला वेगळे आणि मूल जाणते असेल तर त्यालाही वेगळे. आणि नकार आला तर त्याचे कारण विचारू नये. व्यासपीठावरून ऐन वेळी नाव पुकारू नये. भविष्यात काय होणार हा प्रश्न कोणीही विचारू नये, आणि पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवावे, कारण पाहुणे मनाने वाईट नसतात, त्यांना फक्त ध्वनिक्षेपक हातात आला की काहीतरी बोलायचे असते. मुलांना हार घालण्यासाठी रांगेत उभे करून छायाचित्रे काढू नयेत. पुण्यातील दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आहे. तिथे एखाद्या साध्या रविवारी, भाषणाविना, कुटुंबाला त्यांच्या सोयीने घेऊन गेलात तर ते अनेक शालींहून मोलाचे होईल. विद्यार्थ्यांना युद्ध समजावून द्यायचे असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात न्यावे आणि 1965 च्या युद्धातल्या सेंच्युरियन रणगाड्यासमोर उभे करावे, म्हणजे त्या लोखंडी डब्यात सहा दिवस म्हणजे काय, हे त्यांना कोणाच्या भाषणाशिवाय कळेल.

आणि कार्यक्रमाच्या खर्चातून काही शिल्लक राहत असेल, तर एक वही आणावी. जाड पुठ्ठ्याची, चांगल्या कागदाची, पुष्कळ वर्षे टिकेल अशी. त्या अधिकाऱ्याला ओळखणाऱ्यांकडे ती घेऊन जावी : शाळेतल्या बाकावरचा मित्र, शिक्षक, खोलीतला सोबती, त्याच्या तुकडीतला निवृत्त सुभेदार, सुट्टीवर आला की ज्याच्याकडे तो केस कापायला जायचा तो माणूस. त्यांना शौर्याबद्दल विचारू नये, ते मानपत्रात आहे. तो कसा हसायचा, काय खायचा, कशाला घाबरायचा, कोणते गाणे बेसूर म्हणायचा, मुलांच्या आठवणीने कोणाजवळ काय बोलला होता, हे त्यांनी आपल्या हाताने, आपल्या शब्दांत लिहावे, आणि खाली तारीख व नाव घालावे. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहावे. सजवू नये. ही माणसे म्हातारी होत आहेत, आणि दर वर्षी हार आणण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्या वेळात यांतली दोन पाने सहज लिहून होतात.

अशी एक वही मी गेल्या दोन वर्षांत तयार केली आहे. पहिल्या पानावर मी माझी माफी लिहिली आहे, आणि दुसऱ्या पानावर सायकलच्या चेनबद्दलचे ते वाक्य, तिने म्हटले तसेच. त्यापुढची चाळीस-एक पाने इतरांची आहेत. त्यातल्या एका सुभेदारसाहेबांनी लिहिले आहे की साहेब गाडीच्या डब्यात तेलाची छोटी बुधली ठेवत, आणि ती कशासाठी असे कोणी विचारले की "घरी एक सायकल आहे" एवढेच सांगत. ती मुलगी आता मोठी झाली आहे आणि दुसऱ्या शहरात राहते. वही मी तिच्या आईकडे पोचवली. ती कधी वाचायची, वाचायची की नाही, हे मायलेकी ठरवतील.

आपल्यापैकी ज्यांना अशी वही करायची असेल, त्यांना नमुन्यादाखल प्रश्न, कोणाकडे जावे याची माहिती आणि माझा वेळ, तिन्ही मी आनंदाने देईन. माझी अट एकच आहे, की तयार झालेली वही कोणत्याही कार्यक्रमात मोठ्याने वाचून दाखवली जाणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
पुणे